ओव्हिलाची नशा

अ‍ॅनिक दारू पिऊन कामावर येते असं आमच्या नव्या सुरक्षारक्षकाला वाटलं, यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. ती आत शिरली तीच पाय फाकून टाकत, एका हाताचं बोट भिंतीवरून ओढत. कोपऱ्यावर थांबली, खाली पायांकडे पाहिलं, मग वळली. वळताना झोक गेला. रक्षकाने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीला टॅक्सी करून घरी पाठवा. वरच्या कुणी पाहिलं तर उगाच नोकरीवर बेतेल. अजून दहासुद्धा वाजले नाहीत हो."

मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो इतका ओशाळला, की त्या दिवसापासून ती दिसली रे दिसली की धावत जाऊन दार उघडून धरायचा. अ‍ॅनिक एरवी त्या दाराचाच आधार घेऊन आत येत असे, आता ते तिच्या हाताखालून सरकायचं. त्याच्या या सौजन्यापायी ती बरेचदा पडता पडता वाचली, पण त्याला तिने कधी काही म्हटलं नाही. "बिचारा किती मनापासून उघडतो," एवढंच मला म्हणाली.

अ‍ॅनिक व्हायांकूर मूळची मातान या नदीकाठच्या गावची. तिथे सेंट लॉरेन्स नदी इतकी रुंद होते की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि तिथली माणसं नदीला नदी न म्हणता समुद्रच म्हणतात. बाप कोळंबीच्या बोटीवर होता. आपण जमिनीवर चालायच्या आधी डेकवर चालायला शिकलो, असं ती सांगायची आणि मला ते खरं वाटायचं, कारण आमच्या स्टुडिओत तिच्याइतकी सहज चालणारी बाई दुसरी नव्हती. जानेवारीत माँट्रियलच्या फुटपाथवर बर्फ काचेसारखा गोठलेला असताना आम्ही सगळे बदकासारखे चालायचो, आणि ही दोन्ही हात खिशात घालून, बोलत बोलत, आमच्या पुढे.

लाशिन कालव्याच्या काठी एका जुन्या कापडगिरणीत आमचा स्टुडिओ होता. आम्ही व्हिडिओ गेम करायचो. खेळणाऱ्याने अंगठा हलवला की पडद्यावरचा माणूस किती चटकन वळेल, उडी मारताना किती जड वाटेल, थांबायला सांगितल्यावर कुठे थांबेल, हे ठरवणं अ‍ॅनिकचं काम. तिने ठरवलेलं शरीर कोडमध्ये उतरवणं माझं. वर्षानुवर्षं आमची टेबलं शेजारी होती. माझं निरंजन हे नाव तिच्या जिभेवर कधी पुरतं बसलं नाही, म्हणून ती मला 'निरां' म्हणायची.

आदल्या उन्हाळ्यात तिला मूत्रपिंडाचा संसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. ती वाचेल की नाही अशी वेळ आली. शेवटी एका जालीम औषधाने ती वाचली, आणि त्याच औषधाने तिचा तोल नेला. दोन्ही कानांच्या आत, ऐकण्याच्या जागेला लागून, तोल राखणारं एक इवलंसं यंत्र असतं. ते जळून गेलं. ऐकू नीट येत होतं, दिसत नीट होतं, हातापायांत ताकद होती. फक्त वर कुठे आणि खाली कुठे, हे आतून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली होती. तिने कुणाला बोल लावला नाही. पण इस्पितळातून घरी आल्यावर पहिल्यांदा अंघोळ करताना शाम्पू डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने डोळे मिटले, आणि झाड कोसळावं तशी ती कोसळली.

मग ती चालायला पुन्हा शिकली. चालताना सगळं जग तिच्या डोळ्यांसमोर वरखाली उसळायचं. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखायचा तर आधी उभं राहावं लागे. अंधारात तर तिला हलताच यायचं नाही. बसचा चालक तिला आत घ्यायला कुरकुर करायचा, दुकानातल्या बायका तोंड फिरवायच्या. एकदा पोलिसांनी तिला रस्त्यात थांबवून दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायला लावली. यंत्रावर शून्य आलं, तसा तो पोलीस यंत्र हलवून हलवून पाहायला लागला.

अशी ती कामावर परत आली, त्याच सुमारास आमच्या नव्या गेममध्ये दारू शिरली.

गेमचा नायक होता ओव्हिला. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात, नदीच्या मुखाशी होडीतून चोरटी रम वाहणारा नावाडी. माणूस धाडसी, देखणा, आणि जो माल वाहतो त्याचाच घोट घेणारा. ओव्हिला प्यायल्यावर खेळणाऱ्याला काय जाणवेल, हे कुणीतरी ठरवायचं होतं. थिएरी लाशापेल आमचा दिग्दर्शक. तसा तोंडाळ माणूस, पण त्या बैठकीत त्याची जीभ अडखळत होती. तो अ‍ॅनिक सोडून सगळ्यांकडे बघत होता. नशेचं कामही तसं किरकोळच आहे, म्हणाला, पडदा डोलवायचा, कडा धूसर करायच्या, डावं बटण उजवं करायचं, झालं. हे सगळेच करतात. कुणाला तरी देऊन टाकू.

"थिएरी," अ‍ॅनिक म्हणाली, "मी रोज सकाळी फुकटात झिंगलेली असते. आणि हे काम तू दुसऱ्या कुणाला देणार?"

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

"तसं नाही गं. मला वाटलं, तुला लागेल."

"लागायचं काय त्यात? तुझा बाटलीचा खर्च वाचला."

अशी ओव्हिलाची नशा तिच्याकडे आली. मला वाटलं, आठवड्याभरात हातावेगळी होईल.

तिने पहिल्याच दिवशी डोलणारा पडदा काढून टाकला. धूसर कडा काढल्या. बटणांची उलटापालट काढली. मी विचारलं, मग उरलं काय? ती म्हणाली, हे सगळं बाहेरून पाहणाऱ्याने केलेलं आहे. "झिंगलेल्या माणसाला डोलायचं नसतं, निरां. त्याला सरळच जायचं असतं. जीव तोडून सरळ जायचं असतं. डोलणं हे त्याच्या हातून होतं, तो करत नाही."

ओव्हिलाची हालचाल ज्याच्यावरून घ्यायची तो नट होता ऑक्टाव्ह तेरिओ. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक. आधी सर्कशीत तारेवर चालायचा, आता अंगभर चमकते मणी लावलेला काळा घट्ट पोशाख घालून आमच्या कॅमेऱ्यांच्या मधोमध उभा राहायचा. कॅमेरे मणी टिपायचे आणि त्याची चाल ओव्हिलाच्या अंगात उतरायची. प्यायलेल्या माणसाचं सोंग कर म्हटल्यावर त्याने अशी काही लटपट केली की सगळी खोली हसून लोळायची पाळी आली. अ‍ॅनिकही हसली. मग तिने त्याला एकच गोष्ट सांगितली.

"आता असं चाला, की तुम्ही प्यायलात हे तुमच्या बायकोला कळता कामा नये."

ऑक्टाव्ह थोडा वेळ जमिनीकडे पाहत उभा राहिला. मग चालला. मान ताठ, खांदे सरळ, पाऊल जरा जास्तच जपून टेकवलेलं. खुर्चीजवळ आला तेव्हा ती तिथेच आहे ना, अशी नजर टाकून मगच तिच्या पाठीवर हात ठेवला. कुठेही झोक गेला नाही. पण खोलीतलं हसू जे थांबलं ते थांबलंच. आमच्यापैकी प्रत्येकाने घरात कधी ना कधी ती चाल पाहिलेली होती.

त्या दिवशी शेवटी अ‍ॅनिकने त्याला नुसतं स्वस्थ उभं राहायला सांगितलं. हात खाली, नजर समोर, हलायचं नाही. आम्हाला वाटलं, कॅमेरे जुळवायला म्हणत असेल. ऑक्टाव्ह उभा राहिला आणि खांबासारखा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चित्रण मी पडद्यावर उघडलं. तिच्या सांगण्यावरून त्याच्या कमरेचा मध्य कुठून कुठे जातो त्याची रेघ काढली आणि ती खूप मोठी करून पाहिली. पाहिली आणि हातातली कॉफी मी खाली ठेवली.

तो माणूस सारखा पडत होता. जन्मभर ज्याने तोलाचाच धंदा केला, तो डोळ्यांदेखत क्षणोक्षणी पुढे पडायला लागायचा आणि घोट्यातून काहीतरी त्याला मागे ओढायचं. मागे जास्त गेला की पायाची बोटं जमीन दाबून त्याला पुढे ढकलायची. मग डावीकडे, मग उजवीकडे. दिव्याभोवती फिरणाऱ्या पाखरासारखी ती रेघ स्वतःला वेटाळत होती, कुठेच थांबत नव्हती, आणि तरी एका नाण्याएवढ्या जागेच्या बाहेर जात नव्हती. एवढी सगळी धडपड त्याच्या चेहऱ्याला ठाऊकही नव्हती. चेहरा कंटाळलेला होता.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सरळ, स्वस्थ. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला माझे घोटे ऐकू आल्यासारखे झाले. ते बारीक बारीक काम करत होते. लहानपणी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हापासून करत असणार, मी झोपेत असेन तेवढीच त्यांना सुट्टी. खिडकीतून खाली कालव्याच्या पुलावर माणसं दिसत होती. कुणी फोनवर बोलत होतं, कुणी बाळाला कडेवर घेऊन उभं होतं. सगळी पडत होती आणि सगळी सावरली जात होती, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. देवळात गेल्यावर येतो तसा.

अ‍ॅनिक माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "दिसलं ना?" ती म्हणाली. "हे सगळं तुमचं तुम्हाला न विचारता होतं. मला आता हाताने करावं लागतं. म्हणून मी चालताना बोलत नाही."

तिथून पुढे आम्ही ओव्हिलाला खरोखरीचा तोल द्यायला लागलो. गेममधल्या माणसाला तोल नसतो, त्याला नुसत्या ठरवून दिलेल्या हालचाली असतात. आम्ही त्याला तीन साक्षीदार दिले. डोळा सांगतो क्षितिज कुठे आहे, कान सांगतो डोकं कुठे कललं, तळवा सांगतो भार कुठे पडला. तिघांची साक्ष जुळली की शरीर सावरतं. दारूने काय करायचं, तर कानाची साक्ष उशिरा पोहोचवायची. बस, एवढंच. जितकी दारू जास्त तितकी साक्ष उशिरा. ओव्हिला कलतो, बातमी उशिरा येते, तोवर तो आणखी कललेला असतो, मग तो घाबरून जास्तच सावरतो आणि दुसऱ्या बाजूला जातो.

ते पहिल्यांदा चालू केलं ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. ओव्हिलाला गुत्त्यात उभं केलं होतं. अ‍ॅनिकने त्याला रम पाजली आणि अंगठा पुढे दाबला. तो सरळ निघाला. दोन टेबलं ओलांडेपर्यंत ठीक. मग एक झोक, त्याला सावरायला दुसरा, मग पाय किंचित फाकले. डोलण्याची एक ओळही आम्ही लिहिलेली नव्हती. तो स्वतःहून डोलत होता, आणि डोलायचं नाही म्हणून झटत होता. दाराशी वाट अरुंद होते तिथे तो थांबला. त्याने उजवा हात उचलला आणि एक बोट भिंतीला टेकवलं. मग त्या बोटाच्या आधाराने बाहेर पडला.

मी म्हणालो, हे मी केलेलं नाही. वादळात होडीवर त्याने कठडा धरावा म्हणून, तोल गेला की जवळची वस्तू शोध, एवढं आम्ही त्याच्या हाताला कधीतरी शिकवलं होतं. भिंत त्याने स्वतः शोधली. सगळा पंजा नको, एका बोटाचा स्पर्शही चौथा साक्षीदार म्हणून पुरतो, हेही त्याचं त्यानेच शोधलं.

अ‍ॅनिकने ओव्हिलाला परत आत आणलं आणि पुन्हा भिंतीच्या कडेने चालवलं, परत परत. शेवटी म्हणाली, "मला वाटत होतं ही खोड माझी एकटीची."

थिएरीला बोलावलं. तो पाहून हरखला. आमच्या टेबलांभोवती गर्दी जमली, दुसऱ्या गटातले लोकही येऊन पाहून गेले. थिएरी, अ‍ॅनिक आणि मी महिनाभर हवेत होतो.

मग बाहेरचे लोक खेळून पाहायला आले आणि सगळं जमिनीवर आलं.

एका मुलीने ओव्हिलाला दारू पाजली, थोडं चालवलं, कंट्रोलर उलटा करून पाहिला आणि आम्हाला सांगितलं की यातलं बटण अडकतंय. दुसऱ्याने गेम बिघडलाय म्हणून तक्रार केली. तिसरा बाटलीला पुन्हा शिवलाच नाही, नशा उतरेपर्यंत ओव्हिलाला बाकावर बसवून ठेवला आणि स्वतः फोन पाहत बसला. जो तो म्हणे, मी सरळ दाबतोय आणि हा माझं ऐकत नाही. थिएरी त्या खोलीच्या एकतर्फी काचेमागे उभा राहून पाहत होता. आठवडाभर पाहून त्याने शांतपणे सांगितलं की चीज सुंदर आहे, पण खेळणाऱ्याला राग येतो आणि राग गेमवर निघतो. डोलणारा पडदा परत आणा.

मी भांडलो. अ‍ॅनिक भांडली नाही. काचेमागे बसून तिने त्या लोकांचे चेहरे पुन्हा पुन्हा पाहिले. मग एके दिवशी जेवताना मला म्हणाली, "थिएरीचं बरोबर आहे. हे दारूचं नाहीये, माझं आहे. मी पडतेय हे मला कळतं. सारखं कळतं, तेच तर दुखणं आहे. पिणाऱ्याला कळत नाही. कळलं असतं तर दुसरा ग्लास कशाला घेतला असता?"

ती गोष्ट तिला माहीत नव्हती. आजाराआधी ती कधी दोन बिअरच्या पुढे गेलेली नव्हती, आणि आता तर तिला दारू वर्ज्यच होती. म्हणून तिने ऑक्टाव्हला गाठलं. आमच्या गिरणीच्या खाली कालव्याकडे तोंड करून बाकं आहेत, तिथे तो दुपारी वाटाण्याचं सूप घेऊन बसायचा. मी बरोबर होतो. तिने आडवळण घेतलं नाही, सरळ विचारलं, तुम्ही कधी पिऊन तारेवर गेलात का?

ऑक्टाव्हने आधी सूप संपवलं. मग सांगितलं की हो, बरीच वर्षं. सुरुवात भीतीने झाली. एका गावात त्याचा जोडीदार पडला होता. जिवाचं काही झालं नाही, पण नंतर ऑक्टाव्हला तार दोऱ्यासारखी बारीक दिसायला लागली. कुणीतरी तंबूमागे एक घोट दिला.

"आणि मग?"

"मग तार रुंद झाली, पोरी."

अ‍ॅनिकने जेवणाचा डबा बाजूला ठेवला.

"खोटं नाही सांगत," तो म्हणाला. "दोन घोट घेतले की तार ही अशी व्हायची. फळीएवढी. वारा थांबायचा. खालची माणसं सगळी माझ्या बाजूची वाटायची. लोकांना वाटतं दारुड्याचे पाय लटपटतात. लटपटत असतील, मला कधी दिसले नाहीत. मी तर त्या दिवसांत जितका झकास चाललो तितका आयुष्यात कधी चाललो नाही. असं मला वाटायचं."

एकदा त्याच्या बहिणीने खेळ चित्रित करून ठेवला होता. पुढे कधीतरी नाताळात घरच्यांबरोबर बसून त्याने तो पाहिला. तारेच्या मधोमध त्याचा एक पाय पूर्ण निसटला होता आणि कसा कोण जाणे परत बसला होता. तो निसटलेला पाय त्याला आठवतच नव्हता. आजही आठवत नाही. त्या नाताळनंतर त्याने दारू सोडली, आणि तार पुन्हा बारीक झाली म्हणून तारही सोडली.

वर येताना जिन्यात अ‍ॅनिकने कठडा धरला होता आणि तरी ती बोलत होती. पायऱ्या चढताना बोललेली मी तिला आजारपणानंतर पहिल्यांदाच ऐकली. आपण नेमकं उलटं केलं, ती म्हणाली. आपण खेळणाऱ्याला पाय दाखवले. त्याला तार दाखवायला हवी.

तिने तोलाचं सगळं काम तसंच ठेवलं, पण ते खेळणाऱ्यापासून लपवलं. पहिल्या घोटाला तिने ओव्हिला उलट बरा केला. अंगठ्याला तो आधीपेक्षा हलका लागायचा, वळणं गुळगुळीत व्हायची. वाऱ्याचा आवाज विरायचा. गुत्त्यातल्या दिव्यांचा रंग उबदार व्हायचा, माणसं मान वळवून बघायला लागायची. धोक्याच्या जागी येणारी सूचना यायचीच बंद व्हायची. आणि अंतरं लहान व्हायची. धक्का आणि होडी यांच्यामधलं पाणी आटायचं. होडीवर चढायची फळी रुंद व्हायची. डोळा खोटं सांगत होता आणि खालचं पाऊल मात्र खऱ्या, अरुंद फळीवर पडत होतं. प्रत्येक घोटाला हे दोन जरा लांब जायचे, इतके हळू की खेळणाऱ्याने संशय घेऊ नये. याचं माप बसवताना तिने जी चिकाटी दाखवली ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. फळी केसभर जास्त रुंद झाली की फसवणूक वाटायची, केसभर कमी झाली की नशा चढायची नाही. आणि हे सगळं ती करत होती उसळणाऱ्या जगात बसून, थोड्या थोड्या वेळाने डोळे टेबलाच्या कडेवर टेकवून.

थिएरी म्हणाला, शेवटचं एकदा पाहू.

त्या खेपेला आलेल्यांत यव्हाँ नावाचा एक धिप्पाड माणूस होता. हिवाळ्यात शहराचा बर्फ हटवणारी गाडी चालवायचा. आम्ही काचेमागे. यव्हाँने ओव्हिलाला घोट पाजला, थोडा चालवला आणि खूश झाला. दुसरा पाजला. खुर्चीत मागे रेलला. गुत्त्यातल्या एकाशी त्याने पैज लावली, दोन टेबलांवरून उडी मारली, ती जमली. तिसरा पाजला. आता होडी गाठायची होती. नदी शांत दिसत होती, फळी चांगली ऐसपैस होती. यव्हाँ एका हाताने बिस्किट खात होता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्याने ओव्हिलाला फळीवर नेलं, आणि अर्ध्या वाटेवर ओव्हिला सरळ पाण्यात गेला.

यव्हाँ हसला नाही. चिडला नाही. आमच्या गेममध्ये पडल्यावर तोच क्षण बाजूने पुन्हा दिसतो. त्यात फळी तिच्या खऱ्या मापाची होती, वीतभर रुंद, ओली, लाटेबरोबर हलणारी. ओव्हिला तिच्याकडे न बघता, छाती काढून, रस्त्यावर चालावं तसा तिच्यावर चढत होता. पहिल्याच पावलाला त्याची अर्धी टाच बाहेर होती.

"हे पुन्हा दाखवता?" यव्हाँने विचारलं.

आम्ही दाखवलं. त्याने बिस्किट ठेवून दिलं. बराच वेळ तो त्या पावलाकडे बघत राहिला. मग आमच्या माणसाने ठरल्याप्रमाणे विचारलं, गेममध्ये काही चूक वाटली का?

"नाही," तो म्हणाला. "गेम बरोबर आहे. मीच गेलो." आणि मग, कुणाला उद्देशून कोण जाणे, "मला अगदी बरं वाटत होतं हो."

काचेमागे थिएरीने डोक्यावरची टोपी काढली. अ‍ॅनिक दोन्ही तळवे काचेवर टेकवून उभी होती. मला एकदम जाणवलं की या बाईने दोन निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या केल्या. एक, जी तिला रोज भोगावी लागते, आणि दुसरी, जी तिने कधीच भोगली नाही. आणि जी भोगली नाही ती तिने एका अनोळखी माणसाच्या अंगठ्यात उतरवली.

गेम पुढच्या शरद ऋतूत बाहेर आला. खूप खपला असं नाही, पडलाही नाही. पुष्कळ लोकांनी ओव्हिला पाण्यात पडतो त्याची दृश्यं एकमेकांना पाठवून हसून घेतलं. हा गेम खेळणाऱ्याशी खोटं बोलतो, अशी तक्रार काहींनी केली, ती अ‍ॅनिकने स्वतः मोठ्याने वाचून दाखवली आणि दिवसभर खुशीत होती. यव्हाँसारखं गप्प झालेली माणसं किती, ते कळायला मार्ग नाही. तशी माणसं लिहीत नाहीत.

थिएरी नंतर व्हँकूव्हरला गेला. आम्ही दोघं अजून त्याच गिरणीत आहोत. अ‍ॅनिकचा तोल परत आला नाही, येणारही नाही. पण बर्फात ती आता काठी घेऊन बाहेर पडते आणि काठीला 'साक्षीदार' म्हणते.

ऑक्टाव्ह सध्या सर्कशीच्या शाळेत नवख्यांना शिकवतो. जून महिन्यात त्याने आम्हाला तिथल्या अंगणात बोलावलं. तिथे त्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर तार बांधली होती. इतक्या वर्षांनी तो चढला, आणि चालला. घोटे किती काम करत होते ते मला लांबून दिसत होतं. पलीकडे पोहोचल्यावर अ‍ॅनिकने विचारलं, आता केवढी दिसते? तो म्हणाला, जेवढी आहे तेवढी. तू येतेस?

मी नको म्हणणार होतो, पण ती बूट काढायलाही लागली होती. तिने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, एक माझ्या, आणि एक पाय तारेवर टेकवला. मग दुसरा. समोर शाळेची विटांची भिंत होती, तिच्यातल्या एका विटेवर तिने नजर रोवली. तार तिच्या खाली थरथरत होती, ती थरथर तिच्या गुडघ्यांतून, कमरेतून वर येऊन माझ्या खांद्यात उतरत होती. आधी तिने ऑक्टाव्हच्या खांद्यावरचा हात काढला. मग हळूहळू माझ्या खांद्यावरचं वजन कमी झालं. पंजा उठला, नुसती बोटं राहिली. मग एकच बोट. तिच्या कानांत सांगणारं कुणी नव्हतं, तरी एका विटेच्या, दोन तळव्यांच्या आणि एका बोटाच्या जोरावर ती तारेवर उभी होती. ऑक्टाव्ह श्वास रोखून उभा होता, मीही.

मग तिने बोटही उचललं.

किती वेळ ते मी मोजलं नाही. मग ती हसली, आणि हसली म्हणून पडली, आणि आम्ही दोघांनी तिला झेललं.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि पाय वर घेतला.